बाटली आली विमानातून

परदेशाहून परतणाऱ्या माणसाच्या सामानाचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. राजांचे इतिहास झाले, लढायांचे झाले, आता तर मिठाचे आणि मिरीचेही झाले. पण विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून गोल गोल फिरत येणाऱ्या, ओळख म्हणून मुठीला लाल रिबीन बांधलेल्या आणि एका चाकानं अधू झालेल्या बॅगेच्या पोटात काय काय येतं आणि ते का येतं, याकडे इतिहासकारांनी अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही. सबंध बॅग उपसणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. तेव्हा मी त्यातला एकच कप्पा उघडतो. दोन स्वेटरांच्या मधला, टॉवेलात गुंडाळलेला. त्यात वाईनची बाटली आहे.

वाईन म्हटल्याबरोबर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांनी कृपा करून घरातलं औषधाचं कपाट उघडावं. बामची डबी आणि खोकल्याचं औषध यांच्या मधोमध एक काळसर बाटली दिसेल. तिच्यावर ‘द्राक्षासव’ असं लिहिलेलं असतं. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं वगैरे मंडळींना एकत्र आंबवून ते करतात, आणि आंबता आंबता त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो. हे मी पदरचं सांगत नाही. लेबलावर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. आपण चष्मा लावून वाचत नाही, इतकंच. आमच्याकडच्या कित्येक सोवळ्यातल्या आज्यांनी उभ्या आयुष्यात दारूच्या दुकानाकडे मान वळवून पाहिलं नाही, पण जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव कधी चुकवलं नाही. फरक एवढाच, की द्राक्षासव चमच्यानं घेतात आणि वाईन पेल्यानं. आणि द्राक्षासव घेताना तोंड वाईट करायचं असतं.

तर ही परदेशची वाईन आपल्याकडे यायला विमानं सुरू झाल्यावरच लागली, असं समजू नका. आपल्या प्रांताचा हा नाद दोन हजार वर्षांचा तरी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची एक छोटीशी वही लिहून ठेवली. इजिप्तहून निघून तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानला कसं यावं, कुठल्या बंदरात काय खपतं, कुठं खडक आहेत आणि कुठं चाचे, असा सगळा तपशील तिच्यात आहे. आपल्याकडे पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या माणसाला शेजारचे जोशी जशी यादी करून देतात, तशीच ही. या व्यापाऱ्यानं भडोचच्या बंदरात काय उतरवावं हे लिहिताना अगदी आरंभीच वाईनचं नाव घेतलं आहे. तीही कुठलीही चालत नसे. इटलीची पहिल्या पसंतीची, तिच्या खालोखाल सीरियाकडच्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. म्हणजे ‘ही कुठली?’ असा प्रश्न बाटली हातात घेऊन विचारणारे गृहस्थ तेव्हाही होतेच.

राजासाठी काय न्यावं याची यादी वेगळी. चांदीची महागडी भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, तलम कापड, उंची मलमं आणि उत्तम वाईन. आजच्या जकात खात्याला यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीचा अधिक त्रास झाला असता, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. हा राजा म्हणजे क्षहरात कुळातला नहपान, असं बहुतेक विद्वान मानतात. नावातच ‘पान’ आहे, पण तो योगायोग समजावा. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं या नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपले ठसे उमटवले. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. ज्याच्यासाठी इटलीहून वाईन यायची त्या राजाची नाणी निघाली ती नाशिक जिल्ह्यात, आणि आज देशातल्या सगळ्यात जास्त वाईनरी त्याच जिल्ह्यात आहेत. इतिहासाला थट्टा कळते ती अशी.

त्या वेळची ‘बाटली’ म्हणजे मातीचा, दोन कानांचा, खाली निमुळता होत गेलेला कुंभ. त्याला अँफोरा म्हणत. आतून राळेचा किंवा डांबरासारख्या चिकट पदार्थाचा हात दिलेला, म्हणजे पाझरू नये. तोंडाला बूच आणि वरून लिंपण. एका कुंभात साधारण 26 लिटर माल मावे. भरलेल्या कुंभाचं वजन 40 किलोच्या आसपास जात असे. आजच्या विमान कंपन्या एका बॅगेत 23 किलोच्या वर ग्रॅमनं मोजतात आणि 32 किलोच्या वर हमालांच्या कंबरेची काळजी म्हणून बॅग उचलतच नाहीत. तेव्हा रोमन कुंभ आजच्या काउंटरवर आला असता, तर बाईनं गोड हसून ‘सर, यातलं थोडं काढून दुसऱ्या बॅगेत टाका’ असं सांगितलं असतं.

हे कुंभ इकडे पोचले याचा पुरावा जमिनीत आहे. नेवासे, तेर या ठिकाणच्या उत्खननांत त्यांचे तुकडे सापडले. घारापुरीच्या किनाऱ्यावरही सापडले. अलीकडे अभ्यासकांनी जुने तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा हिंदुस्थानात ठिकठिकाणी रोमन म्हणून नोंदलेले कित्येक तुकडे इराण-इराककडच्या डांबर लावलेल्या रांजणांचे निघाले. म्हणजे लेबल एकाचं आणि माल दुसऱ्याचा, हाही प्रकार जुनाच म्हणायचा. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर 1940 नंतरच्या दशकात काशाच्या वस्तूंचा एक साठा निघाला. त्यात सागरदेव पोसायडनची छोटीशी सुरेख मूर्ती होती आणि वाईन ओतायचा एक जग होता. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. जग उरला, वाईन संपली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोल्हापूरकरानं हे काम बरोबर केलं, असं माझं मत आहे. त्याचं कारण पुढं येईल.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीत इराणातल्या शिराझची वाईन येई. ते जवळचं दुकान. पण विलायतेहून निघालेली जहाजं अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर पाणी आणि भाजीपाला घ्यायला थांबत आणि तिथली वाईन पिंपांनी भरून घेत. ती टिकावी म्हणून तिच्यात थोडी ब्रँडी घालत. मग जहाज आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, महिनोन्महिने उकडत आणि हिंदकळत मुंबईला पोचे. इतक्या हालअपेष्टांनंतर कुठलाही सभ्य पदार्थ नासला असता. मदेरा सुधारली! मुंबई-मद्रासच्या साहेबांना ती इतकी आवडली, की हिंदुस्थानची वारी करून आलेल्या पिंपाला विलायतेत जादा भाव मिळू लागला. पुढं मदेराच्या व्यापाऱ्यांनी विचार केला, की एवढ्या लांब पाठवायचं कशाला? त्यांनी घरच्या घरीच वाईन तापवायच्या भट्ट्या काढल्या. परदेशी जाऊन आलेल्याचा भाव वाढतो आणि मग न जाताच तसं दिसायची युक्ती निघते, हा अनुभव आपल्याला माणसांच्या बाबतीत आहे. वाईनच्या बाबतीत तो अठराव्या शतकातला आहे.

आता पिंपातून बाटलीत येऊ. सतराव्या शतकात इंग्लंडात लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्यांच्या जादा आचेत काच जाड आणि मजबूत व्हायला लागली आणि बाटलीला बूच ठोकता येऊ लागलं. तोवर काचेची बाटली म्हणजे नाजूक प्रकरण होतं. पुढं तिचं माप ठरलं 750 मिलिलिटर. हे विचित्र माप कुठून आलं याची एक हिशेबी गोष्ट सांगतात. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक इंग्रज. इंग्रज मोजणार गॅलनमध्ये. गॅलन साडेचार लिटरांहून जरासा मोठा. मग पिंपाच्या 300 बाटल्या केल्या, की सहा बाटल्यांचा जवळजवळ एक गॅलन होतो आणि दोघांचंही गणित सुटतं. फ्रेंच माणूस आणि इंग्रज माणूस यांचं एकमत झालेल्या इतिहासातल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. तिची फळं मात्र आपण भोगतो आहोत. कशी, ते सांगतो.

विमानं आली. 1947 साली आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर ब्रेंडन ओरीगन नावाच्या गृहस्थानं जगातलं विमानतळावरचं पहिलं करमुक्त दुकान थाटलं. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना तेव्हा तिथं तेल भरायला उतरावं लागे आणि उतारू तासन्‌तास जांभया देत बसत. ओरीगननं असा विचार केला, की हा माणूस कायद्यानं आयर्लंडात आलेलाच नाही. मग आयर्लंडचा कर त्यानं का भरावा? इतका सुटसुटीत युक्तिवाद एखाद्या पुणेकरालाच सुचायचा, पण शॅननला पुणेकर उशिरा पोचले. दुसऱ्याच वर्षी, 8 जून 1948 रोजी, एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालं. मुंबईचा माणूस आता द्राक्षमळ्यांच्या गावी विमानानं उतरू लागला.

आणि नेमकं 1949 साली मुंबई प्रांतानं दारूबंदीचा कायदा केला. म्हणजे बाटली आणायची सोय झाली आणि ठेवायची गेली. हा कायदा इतका कडक होता, की मद्यार्क असलेली औषधं आणि अंगाला लावायची अत्तरवजा पाणीसुद्धा त्याच्या तडाख्यात सापडली. 1951 साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दारूबंदी करायचा सरकारला अधिकार आहे, पण औषधं आणि प्रसाधनं तिच्यात ओढता येणार नाहीत. तमाम आज्यांचं द्राक्षासव त्या निकालानं निश्चिंत झालं. पुढं बंदी सैल झाली, दुकानं उघडली, पण कायदा गेला नाही. आज त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे, आणि अजूनही आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो. तो कशासाठी मिळतो? प्रकृती राखण्यासाठी! पिण्यानं प्रकृती राखली जाते असं सरकारी कागदावर लिहून देणारं राज्य बाहेर कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

त्या बंदीच्या आणि नंतरच्या टंचाईच्या काळात येणारी बाटली वाईनची नसे. ती स्कॉचची असे. त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. एकच बाटली आणायची, तर तिच्यात चारचौघांना दिसेल असा दम हवा. स्कॉचची बाटली कपाटात वर्षानुवर्षं उभी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. उघडून निम्मी संपवून पुन्हा बूच लावलं, तरी ती आपली तशीच. खास पाहुणा आला की टोपणभर, आणि पाहुणा जरा कमी खास असला तर नुसतं दर्शन. स्कॉच हा मुळातच काटकसरी लोकांचा पदार्थ आहे. आपलं आणि तिचं जमलं यात नवल नाही. वाईन मात्र उघडली की एकदोन दिवसांत संपवावी लागते. एकदोन दिवसांत संपणारी वस्तू सात समुद्रांपलीकडून आणायची ही कल्पना मराठी मनाला पटण्यासारखी नाही.

पण 1991 नंतर दिवस पालटले. घरोघरची मुलं संगणकाच्या पाठीवर बसून परदेशी गेली. कुणी कॅलिफोर्नियात, कुणी फ्रान्स-जर्मनीत. शनिवार-रविवारी द्राक्षमळे पाहू लागली, आणि सुट्टीला घरी येताना त्यांच्या बॅगांत वाईन आली. इथं 750 मिलिलिटरचं भूत आडवं आलं.

आपल्या सरकारची सवलत दोन लिटरची. दारू असो, वाईन असो, बिअर असो, सगळं मिळून दोन लिटर. स्कॉचवाल्याला हे बरोबर बसतं, कारण विमानतळावरच्या दुकानात स्कॉच लिटरच्या बाटलीत मिळते. दोन बाटल्या, दोन लिटर, नमस्कार. वाईनवाला दोन बाटल्या घेतो, दीड लिटर होतं. तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे गुन्हा नव्हे, पण जकात, आणि वाईनवरची आयात जकात बरीच वर्षं 150 टक्के होती. तेव्हा अर्धा लिटर हक्काचा असून पदरात पडत नाही. काही हिशेबी मंडळी तिसरी बाटली अर्ध्या मापाची, 375 मिलिलिटरची, शोधून आणतात. तरी एकूण होतं 1875. उरले 125, म्हणजे बरोबर एक पेला. तो सरकारकडे.

मद्यार्काच्या हिशेबानं पाहा. दोन लिटर स्कॉचमध्ये 800 मिलिलिटरच्या आसपास मद्यार्क असतो, दोन लिटर वाईनमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. तरी माप दोघींना एकच. पाळण्यातल्या पोराला आणि पहिलवानाला एकच सदरा शिवावा तसं हे झालं. जिथं वाईन रोजच्या जेवणात असते तिथं असं करत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला साध्या वाईनचे चार लिटर चालतात, कडक दारूचा एकच. ब्रिटननं 2021 पासून साध्या वाईनचे 18 लिटर केले, कडक दारूचे चार. जपाननं सगळ्यात शहाणपणा केला. त्यांनी लिटरच्या भानगडीत न पडता तीन बाटल्या म्हणून ठरवलं, आणि बाटली धरली 760 मिलिलिटरची. हा दहा मिलिलिटरचा मोठेपणा पाहून मला त्या देशाबद्दल फार आदर वाटतो. विमानवाहतुकीच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्यांनाही हा भेद कळतो. 24 टक्क्यांच्या वर मद्यार्क असलेली दारू प्रवाशाला जास्तीत जास्त पाच लिटर नेता येते, 70 टक्क्यांच्या वरची मुळीच नाही, आणि 24च्या खालची म्हणजे आपली वाईन, तिला त्यांच्या दृष्टीनं मर्यादाच नाही. ती पेटत नाही.

2006 सालापर्यंत वाईनची बाटली मांडीवर बसून येत असे. त्या वर्षी 10 ऑगस्टला लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि तेव्हापासून हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वरचा द्रव बंद झाला. विमानतळावरच्या दुकानातली सीलबंद पिशवी काय ती चाले. मळ्यावर जाऊन, म्हाताऱ्या मालकाशी हातवारे करून बोलून घेतलेली बाटली मात्र बॅगेत, विमानाच्या पोटात. झालं! घरोघरी एकच काळजी. वर हवा विरळ असते म्हणे, बाटली फुटेल का?

फुटत नाही. विमानाचं पोटही आपण बसतो त्या केबिनसारखंच दाबाखाली असतं. आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तशी. आपलं कळसूबाई साधारण 5,400 फूट. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक-दोन टेकड्या रचल्या आणि तिथं बाटली नेली तर जे होईल, ते विमानात होतं. म्हणजे काही होत नाही. शॅम्पेनच्या बाटलीत आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब कोंडलेला असतो; तिला वरच्या पाव वातावरणाचं काय कौतुक? बाटली फुटते ती जमिनीवर, बॅग उचलून फेकणाऱ्याच्या हातून. आकाशानं आजवर कुणाची वाईन सांडलेली नाही.

बांधणीचे प्रकार अनेक. कुणी हवेच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, कुणी मोज्यात घालून मोजा बुटात घालतात, कुणी लहान मुलांचं डायपर लावतात, म्हणजे सांडलीच तर टिपली जाईल. पण या बाबतीत मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्या तीन पिढ्यांनी न्यूजर्सीला लोणचं नेलेलं आहे! बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा तुकडा, वरून झाकण, झाकणाला चिकटपट्टी, मग एक पिशवी, तिला गाठ, मग दुसरी पिशवी उलट्या तोंडानं, तिला सुतळी, आणि हे सगळं जुन्या सुती पातळात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. कैरीच्या लोणच्याचं तेल हे जगातलं सगळ्यात पळपुटं द्रव्य आहे. ते ज्यांनी अटलांटिकपार कोंडून नेलं, त्यांना बुचाच्या बाटलीचं काय भय? जाताना लोणचं गुंडाळून गेलेलं तेच पातळ येताना बोर्दो गुंडाळून आलेलं मी पाहिलं आहे. मेथीचा वास मात्र लागतो, आणि बाटलीच्या लेबलावर पिवळा डाग.

एवढ्या सगळ्यातून, म्हणजे समुद्र, कायदा, गॅलन, जकात आणि हमाल यांच्यातून, बाटली सुखरूप घरी येते. आणि मग तिचा खरा घात सुरू होतो. आपण ती शोकेसमध्ये ठेवतो.

मराठी शोकेस तुम्हाला माहीत आहे. दिवा लागणारा ताजमहाल, नातवाचा धावण्याच्या शर्यतीतला कप, कुणीतरी लग्नात दिलेला चिनी मातीचा हत्ती, आणि त्यांच्यात ही बाटली, उभी, लेबल पुढं करून. वाईनला लागतं बारा-पंधरा अंशांचं गार, अंधारं कोनाडं आणि आडवं पडून राहणं, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. आपण तिला देतो वैशाखातली पश्चिमेची खिडकी. बूच वाळतं, आकसतं, आत हवा जाते. शिवाय ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’ हे अर्धवट ज्ञान. जगातली बहुतेक वाईन एकदोन, फार तर चारपाच वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. मुरायला ठेवायची ती निराळी, आणि तिला तळघर लागतं.

आमच्या शेजारी एक अप्पा होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उभ्या जन्मात दारूचा थेंब न घेतलेले. त्यांची मुलगी फ्रान्समध्ये असते. 2009 साली तिनं एक तांबडी बाटली आणली. कुठल्याशा लहान गावी, ती राहायची त्याच्या शेजारच्याच मळ्यातली. भारी नव्हती. “अप्पा, मी रोज ज्या रस्त्यानं जाते ना, त्या रस्त्यावरची द्राक्षं आहेत ही,” असं तिनं सांगितलं. अप्पांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग विचारलं, “याला परवाना लागतो ना?” आणि एकोणऐंशीव्या वर्षी अप्पांनी रीतसर अर्ज करून पिण्याचा परवाना काढला. तोही आजीव. एका वर्षाचा काढणं त्यांना महाग वाटलं. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बाटलीच्या मागं उभा केला. आल्यागेल्याला दोन्ही दाखवत. मुलगी दर वर्षी यायची आणि म्हणायची, “अप्पा, उघडू या.” अप्पा म्हणायचे, “आत्ता कशाला? पिंकीच्या बारावीला उघडू.” बारावी झाली. मग पिंकीचं लग्न ठरलं. “एवढ्या माणसांत एका बाटलीनं काय होणार?” म्हणून तेव्हाही राहिली. 2015 साली आजीव परवान्याची मुदत संपली. अप्पा गेले.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मुलीनं बाटली उघडली. बूच अर्ध्यात तुटलं. आतली वाईन विटकरी झाली होती आणि तिला शिरक्याचा वास येत होता. कुणी काही बोललं नाही. काकूंनी वाटी पुढं केली, दोन चमचे घेतले, तोंड जराही वाईट न करता गिळले आणि म्हणाल्या, “आंबलीय गं. पण ह्यांनी एकदा तरी चाखायला हवी होती.”

कोल्हापूरच्या त्या जगाचं मी मघाशी कौतुक केलं ते यासाठी. इटलीहून जहाजानं, मग बैलगाडीनं, घाट चढून आलेली ती वाईन कुणीतरी बसून प्यायलं. कुणाच्या तरी बारावीसाठी ठेवली नाही.

मुलगी अजून दर वर्षी येते. दोन बाटल्या आणते. तिसरीचा अर्धा लिटर सरकारला सोडते. काकू आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. परवान्याचं विचारलं तर म्हणतात, माझं औषध आहे. विमान पहाटे उतरतं. मुलगी दारात उभी राहते, चपला काढायच्या असतात, टॅक्सीवाल्याला पैसे द्यायचे असतात, आणि काकू आतून ओरडतात, “बॅग आधी उघड. चहा मग.”